‘रागाच्या भरात’ हे शब्द छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गंगाखेड तालुक्यातल्या गंगेकाठच्या एका गावचा शेतकरी. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. वय ५८, शिक्षण बारावी. साडेपाच एकर काळं रान, एक बैलजोडी आणि सामाईक विहिरीत अर्धा वाटा, एवढा माझा पसारा. आपला पेपर वीस-बावीस वर्षांपासून वाचतो. आजवर पत्र लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसलो ते पेपरात नेहमी येणाऱ्या चार शब्दांपायी.

मृग तोंडावर आला की आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. गाव बदलतं, नावं बदलतात, मजकूर तोच. ‘शेताच्या बांधावरून दोन भावांत किरकोळ कारणावरून वाद झाला. रागाच्या भरात एकानं दुसऱ्याला मारहाण केली.’ चार ओळी, आणि खाली बियाण्याची जाहिरात. जून २०१८ मध्ये एका पेपरात अशीच बातमी आली होती, ती माझी होती. मारणारा मी. ते कात्रण घडी घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलेलं आहे.

खरं सांगतो, ती बातमी वाचून तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ‘रागाच्या भरात’ म्हणजे मी काही केलं नाही, रागानं केलं. गावातही लोक तेच बोलले. त्या दोन शब्दांच्या आडोशाला मी अडीच वर्षं बसून राहिलो. म्हणून हात जोडून विनंती करतो की ते शब्द छापू नका. ‘किरकोळ कारण’ हेही छापू नका.

आधी किरकोळाचं सांगतो. आमच्या आजोबांची बावीस एकर. बापाला आणि चुलत्याला अकरा-अकरा आली, आमच्या पिढीला साडेपाच. जमीन वाढत नाही, धुरे, म्हणजे बांध, मात्र वाढतात. एका रानाचे चार तुकडे झाले की आत नवे धुरे पडतात आणि प्रत्येक धुऱ्यावर दोन माणसं एकमेकांकडं बघत उभी राहतात. पूर्वी बैलाचं औत धुऱ्यापासून हातभर लांबून वळायचं. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, त्याला तासाचा हिशेब असतो, तो कडेला घासून जातो आणि दरसाल चार बोटं धुरा खातो. ज्याचं रान सरकलं त्याला रात्री झोप येत नाही. माझा बाप शेवटच्या आजारात भाकरीबद्दल बोलला नाही, औषधाबद्दल बोलला नाही, ‘धुरा सोडू नको’ एवढंच बोलला. याला किरकोळ कसं म्हणायचं?

पैशात मोजलं तर मात्र किरकोळच आहे. हा हिशेब मी फार उशिरा मांडला. आमचा सामाईक धुरा सहाशे फूट लांब. फूटभर रुंदीनं गेला तर सहाशे चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर तेवढ्या जागेत अकरा किलो पिकतं. त्या वर्षीचा हमीभाव ३,३९९ रुपये क्विंटल होता. पावणेचारशे रुपये झाले. पण त्या सकाळी कोणी हा आकडा माझ्या हातात दिला असता तरी मी तो फेकूनच दिला असता. तेव्हा मला पावणेचारशे रुपये दिसत नव्हते, बाप दिसत होता.

त्या सकाळचं सांगतो. शेतीची लाईट तेव्हा आठवडाभर रात्रपाळीला होती. रात्री बारा ते पहाटेपर्यंत उसाला पाण्याची दारं धरली होती. चहा घेतला नव्हता. खोरं खांद्यावर घेऊन धुऱ्यावरून येत होतो तर कड फोडलेली दिसली, ताजी माती उघडी पडलेली. आबा, म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, तिथंच तंबाखू मळत उभे होते.

मी म्हणालो, “आबा, धुरा कोणी कोरला?”

ते म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्यानं वढली आसंल थोडी माती. एवढं काय त्याच्यात?”

जन्मभर मी त्यांना ‘आबा, तुम्ही’ म्हणत आलो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, “अय, तुला मोजून देऊ का?” आबांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत, पाठ फिरवून घराकडं निघाले.

आता पुढचं नीट वाचा, कारण हे पत्र त्याच्याचसाठी आहे. मी खांद्यावरचं खोरं खाली घेतलं आणि मातीत उभं रोवलं. फेकलं नाही, रोवलं. म्हणजे खोऱ्यानं मारायचं नाही एवढा विचार मी त्या वेळी केला होता. मग पाच-सहा पावलं चालत गेलो. आणि पाठमोऱ्या माणसाला दोन्ही हातांनी ढकललं. आबा धुऱ्यावरच्या दगडांवर गेले, उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली.

ज्या माणसाला खोरं मातीत रोवायचं भान असतं त्याला थांबायचंही भान असतं. राग होता, भरपूर होता. पण ‘भरात’ म्हणजे वाहून गेलो, भान नव्हतं, हे खोटं आहे. ती पाच-सहा पावलं माझी होती.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते. तेव्हा कलम ३२५ लागलं, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात तेच ११७(२) आहे. जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. मध्ये कोरोना आला. २०२२ मध्ये आबा मोठ्या मनानं तयार झाले म्हणून लोकअदालतीत कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. वकिलानं नंतर सांगितलं, खोऱ्यानं मारलं असतं तर ३२६ लागलं असतं, आणि त्यात तडजोडच नसते.

मोजणीचंही सांगतो. भूमी अभिलेखकडं पैसे भरले, पिकं निघाल्यावर भूकरमापक आला, हद्दीच्या खुणा केल्या. मोजणीत मी खरा निघालो. फूटभर जागा माझीच होती. नकाशा हातात घेऊन घरी आलो आणि कोणाला सांगावं ते कळेना. आबांच्या मनगटात पट्टी बसवलेली, तळहात पुरता उलथा होत नाही. आमच्या भावकीत पेरणीला चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरावी ती आबांनी, दाणा असा सारखा पडायचा की उगवल्यावर ओळ बघत राहावी. ती मूठ गेली. बरोबर असून मी काय मिळवलं? त्या दिवसापासून मला ‘मी बरोबर आहे’ या वाटण्याचीच धास्ती वाटते, कारण माझा राग दरवेळी तेच सांगत येतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

धुऱ्यावरची ती पहिली वेळ नव्हती. तिची बातमी आली इतकंच. घरातल्या बातम्या छापून येत नाहीत.

माझ्याबद्दल गावात एक वाक्य होतं, आणि ते मायेनं बोललं जायचं: “राग पाच मिनिटांचा, पण मन साफ.” आमची माय म्हणायची, “बापावर गेलंय.” दोन्ही वाक्यांनी माझं नुकसान केलं. मन साफ आहे म्हटल्यावर आत डोकवायची गरज काय, आणि बापाकडून आलंय म्हटल्यावर इलाज काय. थोरली लेक दहावीला असताना वरणात मीठ कमी म्हणून मी ताट भिरकावलं होतं. पाच मिनिटांत राग गेला, मी हात धुऊन जेवलोसुद्धा. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली. जावई मागं सहज बोलून गेले, “ती पानात वाढायच्या आधी दोनदा चव बघते, आमच्या घरात कोणी काही म्हणत नाही तरी.” मी तेव्हा सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो.

आणि बैलाचं. २०२० च्या पोळ्याची आदली संध्याकाळ, खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” डाव्या बैलाच्या खांद्याकडं मी हळदीचा हात उचलला तर त्यानं मान आखडून घेतली, डोळे मिटले आणि मार बसायची वाट बघत उभा राहिला. उन्हाळ्यात नांगरटीला बसला म्हणून मी त्याला कासऱ्यानं झोडपलं होतं. मी ते विसरलो होतो. तो विसरला नव्हता. हळद हातात वाळेपर्यंत मी तिथंच बसलो. कोर्टानं, पोलिसांनी, बातमीनं जे झालं नव्हतं ते त्या संध्याकाळी झालं.

त्याच हिवाळ्यात डोकं धरायला लागलं म्हणून ग्रामीण रुग्णालयात गेलो, रक्तदाब निघाला १७० वर ११०. तिथल्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराच्या ओपीडीत पाठवलं. मी आधी नाही म्हणालो. वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला, असं मनात होतं. घरच्यांनी, म्हणजे बायकोनं, चिठ्ठी टोपीत ठेवून दिली आणि म्हणाल्या, “एकडाव जाऊन तर या.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. एवढं बोलायलाही त्यांना भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं, म्हणून गेलो.

तिथल्या डॉक्टर बाईंनी उपदेश केला नाही. एक शंभर पानी वही घ्या म्हणाल्या, राग आला की वार, वेळ आणि कोणावर आला एवढंच लिहा. महिनाभर लिहिलं. तेवीस नोंदी झाल्या. बाईंनी पेन्सिलीनं खुणा केल्या. तेवीसातल्या सतरा सकाळच्या, आणि जवळपास सगळ्या रात्री पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. म्हणजे माझा अर्धा राग न झालेल्या झोपेचा होता. तंबाखू आणि उपाशीपोटी चहा त्यात भर घालत होते. रात्रपाळीच्या लाईटनं साप चावतात, शॉक बसतात, हे आपण छापता. न झोपलेला माणूस सकाळी घरात काय करतो तेही एकदा छापा.

पण वहीतली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ‘कोणावर’ या रकान्यात बायको, धाकटा पोरगा, सालगडी, बैल. पुन्हा बायको. त्याच महिन्यात पीककर्जाच्या कागदासाठी एका कार्यालयात मला दोन दिवस हेलपाटे घालावे लागले, चार-चार तास बाकावर बसवून ठेवलं. तिथला एकही राग वहीत नव्हता. तिथं मी हात बांधून ‘साहेब, साहेब’ करत होतो. बाईंनी फक्त विचारलं, “तिथं कसा आवरला?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझा राग आंधळा आहे असं मी आयुष्यभर सांगत आलो होतो. तो चांगला डोळस निघाला. समोरचा उलटून मारणार नाही एवढं बघूनच तो येतो.

त्या बाईंकडून आणि नंतर स्वतःच्या चुकांतून मी जे शिकलो ते लिहितो, माझ्यासारख्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून. राग अंगात आधी येतो, डोक्यात मागून. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, छाती धडधडते, रक्त हातापायांकडं धावतं. माझे कान तापतात. डावा हात आपोआप पंचाचं टोक पिळायला लागतो. आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ होतं. ही तिसरी खूण मी त्या सकाळच्या धुऱ्यावरून शोधून काढली. एकदा चढलेलं अंग पंधरा-वीस मिनिटं तरी उतरत नाही, तेवढा वेळ काहीही ठरवायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईलवर आवाज भरून पाठवायचा नाही. उसासा टाकल्यासारखा श्वास सावकाश बाहेर सोडायचा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. त्यानं छातीचे ठोके खरंच उतरतात. मी दहा मोजून बघितले होते, मला ते जमलं नाही. मी दहा मोजताना दात खात होतो.

‘बोलून मोकळं व्हावं’ म्हणतात तेही मला खरं वाटेनासं झालं. सुखदुःख बोलून हलकं होतं, पण राग ओरडून हलका होत नाही, पेटतो. एकटाच विहिरीवर जाऊन शिव्या दिल्या तरी परत येताना मी जास्त तापलेला असायचो. डॉक्टर बाईंनीही तेच सांगितलं, आदळआपट केल्यानं राग निघत नाही, त्याची सवय पक्की होते.

घरात आम्ही एक वाक्य ठरवलं. माझा आवाज चढायला लागला की घरच्यांनी म्हणायचं, “बैलाला पाणी दाखवलं का?” मग मी काही न बोलता गोठ्याकडं जायचं. पहिल्यांदा त्यांनी ते म्हटलं तेव्हा भाकरी थापत होत्या, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, आणि मला त्याचाच राग आला. तरी गेलो. बैलाला खरंच पाणी दाखवलं. आता नातवालाही ते वाक्य पाठ झालंय.

लहानपणी कीर्तनात पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट ऐकली होती. ते गंगेवरून आंघोळ करून निघाले की एकजण अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा जाऊन आंघोळ करायचे, असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. ती ऐकून मला वाटायचं, ते संत होते, त्यांना राग आलाच नसेल, आपला काय संबंध? आता षष्ठीच्या वारीला जातो तेव्हा वाळवंटात उभा राहून घाटाकडं बघतो आणि गोष्टीतलं दुसरंच दिसतं. नाथ तिथं वाद घालत थांबले नाहीत. दरवेळी पाठ फिरवून पायऱ्या उतरून पाण्याकडं गेले. राग आला होता की नाही हे गोष्ट सांगत नाही, पाय कुठं गेले ते सांगते. एवढं तर मलाही करता येतं. माझी विहीर धुऱ्यापासून दोनशे पावलांवर आहे.

सगळं सुधारलं असं मात्र नाही. २०२३ च्या दिवाळीआधी सोयाबीन घेऊन एका अडतीवर गेलो होतो. ओल जास्त धरून वजनात काटलं. मालकापुढं मी गप्प बसलो आणि पोतं उचलणाऱ्या हमाल पोराच्या हातून थोडे दाणे सांडले तर त्याच्यावर तुटून पडलो. आईवरून बोललो. दुसऱ्या दिवशी सव्वीस किलोमीटर परत गेलो, त्याची माफी मागितली. त्यानं वर बघितलं नाही. “जाऊ द्या काका, रोजचंच हाय,” म्हणाला आणि पाठीवर पोतं घेतलं. वहीत ती नोंद लाल शाईनं आहे. वही अजून चालू आहे, चौथी. गेल्या महिन्यात तीन नोंदी.

आता माझी मागणी. बांधावरच्या भांडणाची बातमी देताना ‘किरकोळ कारणावरून’ ऐवजी ‘हद्दीच्या वादावरून, सरकारी मोजणी झालेली नव्हती’ असं लिहा, म्हणजे वाचणारा मोजणीचा अर्ज तरी करेल. ‘रागाच्या भरात’ काढून टाका, ‘मारलं’ तर ‘मारलं’ लिहा. आणि मे-जूनच्या दोन महिन्यांत त्या बातमीखाली छोटी चौकट द्या: मोजणीचा अर्ज कुठं करायचा, अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडं कसं जायचं, आणि १४४१६ हा नंबर. टेली-मानस म्हणून तो मोफत नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मला तो उशिरा कळला. रात्री दोनला मोटार चालू करून बसलेल्या माणसाच्या डोक्यात धुरा फिरत असतो, त्या वेळी कोणाशी बोलावं? गावात बोलायची सोय नसते, सकाळी चावडीवर होतं. आमच्या गावात तंटामुक्त समिती २००७ मध्ये झाली होती, पहिली काही वर्षं चांगली चालली. आता तिचा फलक तेवढा शाळेच्या भिंतीवर आहे. ती उठवून उभी करता आली तर बघा, त्यासाठी मी लागेल तितके दिवस द्यायला तयार आहे.

माझं नाव छापू नये ही विनंती. मला लपायचं नाही, गावाला सगळं ठाऊक आहे. पण आबांच्या नातीची सोयरीक चालू आहे आणि पाहुण्यांपुढं घराण्याचं भांडण नको.

कळावे,
आपला,
एक शेतकरी, ता. गंगाखेड, जि. परभणी

ता. क. पत्र पाठवायच्या आधी विहिरीवर मोटारीच्या खोलीपुढं बसून आबांना वाचून दाखवलं. कच्च्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘झटापटीत आबा दगडांवर पडले.’ तिथं त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “पडलो न्हाई मी. ढकललंस तू. झटापट कुठं झाली?” मी ती ओळ खोडली आणि जे झालं ते लिहिलं. बाकीचं त्यांनी डाव्या हातानं मनगट दाबत, न बोलता ऐकलं. शेवटी म्हणाले, “दे पाठवून.”